वजन कमी करण्याच्या शस्त्रक्रियेनंतर पथ्य पाळायला कशाची मदत होते, हे मोजावे कसे

बॅरिअॅट्रिक शस्त्रक्रियेनंतर रुग्णाला घरी सोडताना आहाराच्या ज्या सूचना दिल्या जातात, त्या बहुतेक रुग्णालयांत जवळपास सारख्याच असतात. रोज किमान ६० ग्रॅम प्रथिने घ्यायची; दिवसभरात सुमारे दीड लिटर द्रव पदार्थ प्यायचे, पण जेवताना पाणी प्यायचे नाही आणि जेवणानंतरही अर्धा तास थांबायचे; घास लहान घ्यायचा आणि सावकाश चावायचा; साखर आणि तळलेले टाळायचे; जीवनसत्त्वे, कॅल्शियम आणि लोह यांच्या गोळ्या जन्मभर घ्यायच्या. हे पथ्य काही रुग्ण वर्षानुवर्षे पाळतात आणि काहींचे ते वर्षाच्या आत सुटते. ते का सुटते याची कारणे प्रत्येक आहारतज्ज्ञाला तोंडपाठ असतात. ज्यांचे टिकले त्यांना नेमका कशाचा हातभार लागला, याची नोंद मात्र फार थोड्या ठिकाणी पद्धतशीरपणे ठेवली जाते. ती कशी ठेवावी, हे बॅरिअॅट्रिक पथकातील आहारतज्ज्ञ, समुपदेशक आणि परिचारिका यांच्यासाठी, तसेच या विषयावर प्रबंध लिहिणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी येथे मांडले आहे.

सुरुवातीलाच एक भेद स्पष्ट असावा. अडचण दूर होणे आणि मदत मिळणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. प्रोटीन पावडरचा वास सहन होत नाही ही अडचण झाली. चव बदलून दिली की ती संपते. पण वास सहन होऊ लागला म्हणून रुग्ण ती पावडर रोज घेईलच असे नाही. ती रोज घेतली जाते तेव्हा त्यामागे काहीतरी वेगळे असते: सकाळी कुणीतरी ती कालवून हातात देते, किंवा कार्यालयातल्या खणात तिचा दुसरा डबा ठेवलेला असतो. अडचणींची प्रश्नावली उलटी फिरवून तिला मदतींची प्रश्नावली म्हणणे म्हणूनच चुकीचे आहे, आणि दुर्दैवाने ही चूक प्रबंधांत वारंवार होते.

वजन हे पथ्याचे मोजमाप नव्हे

मोजायचे म्हटले की हात आपोआप वजनकाट्याकडे जातो. पहिल्या वर्षात तरी तो तिकडे जाऊ देऊ नये. स्लीव्ह (जठराचा मोठा भाग काढून त्याची नळी करणे) असो की बायपास (जठराची छोटी पिशवी करून ती थेट लहान आतड्याला जोडणे), सुरुवातीच्या महिन्यांत जठराचा घटलेला आकार आणि संप्रेरकांतील बदल यांमुळे भूक इतकी कमी होते की पथ्य अर्धवट पाळणाऱ्याचेही वजन उतरते. अशा काळात वजनाशी सांगड घालून ‘अमुक मदत उपयोगी ठरली’ असे म्हटले, तर शस्त्रक्रियेचे श्रेय मदतीला दिल्यासारखे होते. १९८७ मध्ये सुरू झालेल्या स्वीडनमधील दीर्घकालीन अभ्यासात बायपास झालेल्या रुग्णांचे वजन पहिल्या एक-दोन वर्षांत सरासरी ३२ टक्क्यांनी घटले होते आणि दहा वर्षांनी ही घट २५ टक्क्यांवर आली होती. पथ्याची खरी परीक्षा या नंतरच्या काळात होते, आणि तेव्हाही वजनावर वय, औषधे, मधुमेह, झोप आणि शस्त्रक्रियेचा प्रकार यांचा प्रभाव असतोच. वजनाची नोंद अवश्य ठेवावी, पण परिणामाच्या रकान्यात. पथ्याच्या रकान्यात ती येता कामा नये.

रक्ततपासणीबाबतही हीच सावधगिरी हवी. ब-१२ जीवनसत्त्वाचा यकृतातला साठा काही वर्षे पुरू शकतो, शिवाय अनेकांना त्याचे इंजेक्शन दिलेले असते, त्यामुळे रक्तातील त्याची पातळी चांगली असणे हा गेल्या महिन्यातल्या गोळ्यांचा पुरावा ठरत नाही. फेरिटिन, म्हणजे लोहाचा साठा दाखवणारे प्रथिन, शरीरात कुठेही दाह असला तरी वाढते. त्यातल्या त्यात रक्तद्रवातील फोलेट (एक ब जीवनसत्त्व) अलीकडच्या सेवनानुसार बदलते, म्हणून मल्टिव्हिटॅमिन खरोखर पोटात जात आहे की नाही याचा अंदाज घ्यायला त्याचा उपयोग होतो. चोवीस तासांच्या लघवीतील नायट्रोजनवरून प्रथिनांचे सेवन काढण्याची जुनी पद्धत आहे (नायट्रोजनच्या ग्रॅमना ६.२५ ने गुणायचे), पण वजन झपाट्याने उतरत असताना शरीर स्वतःचे स्नायूही मोडत असते आणि तो नायट्रोजनही त्याच लघवीत येतो, त्यामुळे या काळात सेवनाचा आकडा फुगलेला निघतो. वजन स्थिरावल्यानंतर तपासणी केली, तर ती खाण्याच्या नोंदीचा पडताळा म्हणून वापरता येते.

पथ्याचे सुटे भाग करा

‘तुम्ही पथ्य पाळता का?’ या प्रश्नाला मिळणारे उत्तर कशालाच उपयोगी नसते. प्रथिने पुरेशी घेणारा माणूस कॅल्शियम विसरतो, गोड कटाक्षाने टाळणारा जेवताना पेलाभर ताक पितो. प्रत्येक वागणुकीला लागणारी मदतही वेगळी असते. गोळ्यांसाठी मोबाइलचा गजर पुरतो, पण सावकाश जेवण्यासाठी जेवणाची सुटी लांबावी लागते. म्हणून आधी पाच-सहा ठोस वागणुकी निवडाव्यात आणि प्रत्येकीची व्याख्या मोजता येईल अशी करावी: ‘गेल्या सात दिवसांपैकी किती दिवस प्रथिने ६० ग्रॅम किंवा अधिक झाली’, ‘किती दिवस कॅल्शियम आणि लोह यांत किमान दोन तासांचे अंतर ठेवले’, ‘किती जेवणांत जेवताना द्रव घेतला नाही’. निवड करताना पथकातील सर्वांनी एकत्र बसावे, कारण शल्यचिकित्सक, आहारतज्ज्ञ आणि परिचारिका रुग्णाला नकळत वेगवेगळे सांगत असतील तर ते येथेच उघडे पडते, आणि सूचनाच परस्परविरोधी असतील तर त्या पाळल्या जातात की नाही हे मोजण्यात अर्थ उरत नाही.

प्रथिनांची नोंद हा सर्वांत कष्टाचा भाग आहे. तीन दिवसांची आहार-नोंदवही, त्यातील दोन दिवस कामाचे आणि एक सुटीचा, ही व्यवहारात झेपणारी पद्धत आहे. जोडीला प्रत्येक भेटीत मागील चोवीस तासांतील खाण्याची सविस्तर विचारपूस करावी. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेले भारतीय अन्नघटकांचे तक्ते हिशेबासाठी वापरावेत. तरीही मोजमाप घसरते ते वाटीपाशी. तुरीच्या ३० ग्रॅम कोरड्या डाळीत साधारण साडेसहा ग्रॅम प्रथिने असतात, पण त्या डाळीचे वरण दोन वाट्या झाले की चार, हे घराघरावर अवलंबून असते. रुग्ण ‘एक वाटी वरण’ सांगतो तेव्हा तक्त्यातील आकडा आणि त्याच्या वाटीतील डाळ यांत दुपटीचा फरक असू शकतो. यावर सोपा इलाज म्हणजे पहिल्याच भेटीत रुग्णाला त्याची रोजची वाटी आणि चमचा आणायला सांगून त्यांचे माप मिलिलिटरमध्ये फाइलवर लिहून ठेवणे, आणि घरी किती कोरड्या डाळीत किती जणांचे वरण होते हे स्वयंपाक करणाऱ्या व्यक्तीला विचारणे. यासाठी लागणारी दहा मिनिटे मी कधीही वाचवू देणार नाही.

मदतींची यादी रुग्णांकडून घ्या

यादी खोलीत बसून तयार करू नये. आधी पंधरा-वीस रुग्णांच्या सविस्तर मुलाखती घ्याव्यात आणि नवे मुद्दे येणे थांबेपर्यंत त्या चालू ठेवाव्यात. निवड मुद्दाम विविध असावी: शस्त्रक्रियेला तीन महिने झालेले आणि पाच वर्षे झालेले, शाकाहारी आणि मांसाहारी, एकत्र कुटुंबात राहणारे आणि एकटे, पाळीत काम करणारे, आणि पथ्य सुटलेलेसुद्धा. प्रश्न ठरावीक काळाकडे आणि ठरावीक प्रसंगाकडे नेणारा हवा. ‘तुम्हाला कशाची मदत होते?’ असे विचारले की ‘घरच्यांचा पाठिंबा आणि मनाची तयारी’ हे साचेबंद उत्तर येते. त्याऐवजी ‘ज्या आठवड्यात सगळे नीट जमले तो आठवडा आठवा, त्या आठवड्यात घरात, कामावर आणि बाजारात काय वेगळे होते?’ असे विचारावे. शक्य तिथे घरी स्वयंपाक करणाऱ्या व्यक्तीशीही बोलावे, कारण आपल्याकडे रुग्णाच्या ताटात काय पडते ते पुष्कळदा सासूबाई, आई किंवा पत्नी ठरवते आणि पथ्याचा कागद मात्र त्यांच्या हाती पडलेलाच नसतो.

हाती आलेले मुद्दे लावण्यासाठी आरोग्य-मानसशास्त्रज्ञ सुझन मिची आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये मांडलेली तीन कप्प्यांची चौकट चांगली चालते. पहिल्या कप्प्यात क्षमता, म्हणजे माहिती, कौशल्य आणि शरीराची साथ. दुसऱ्यात संधी, म्हणजे घर, पैसा, वेळ आणि माणसे. तिसऱ्यात प्रेरणा, म्हणजे सवय, भीती, इच्छा आणि स्वतःवरचा विश्वास. चौकटीचा खरा फायदा असा की एखादा कप्पा रिकामा राहिला तर तो दिसतो. बहुतेक पथकांची यादी माहिती आणि प्रेरणा यांनी भरलेली असते आणि संधीच्या कप्प्यात ‘कुटुंबाचा पाठिंबा’ एवढेच असते. महाराष्ट्रातल्या रुग्णांच्या बाबतीत तर हा कप्पा सर्वांत भरगच्च असायला हवा. एकादशीला साबुदाण्याची खिचडी म्हणजे जवळपास नुसता स्टार्च, आणि अशा दिवशी प्रथिने भरून काढायला दही, पनीर, दूध हाताशी ठेवणारे कुणी आहे का. संकष्टीचा उपास चंद्रोदयापर्यंत लांबतो तेव्हा दिवसभरातली थोड्या-थोड्या खाण्याची साखळी कशी राखली जाते. चातुर्मासात सूर्यास्तापूर्वी जेवणाऱ्या जैन रुग्णाच्या संध्याकाळच्या गोळ्या कोणत्या वेळेला बसवल्या. दिवाळीत फराळाचे ताट पुढे आले असता ‘यांना नको, ऑपरेशन झाले आहे’ असे म्हणणारे कुणी शेजारी असते का. हे प्रश्न परदेशी प्रश्नावलीत सापडणार नाहीत आणि आपल्या रुग्णाचे पथ्य बहुधा याच ठिकाणी टिकते किंवा मोडते.

एका मदतीचा वेगळा विचार करावा लागतो. बायपास झालेल्या रुग्णाने गोड खाल्ले की पुष्कळदा तासाभरात धडधड, घाम, पोटात मुरडा असा त्रास होतो, ज्याला डम्पिंग म्हणतात, आणि या त्रासाच्या धाकाने गोड आपोआप सुटते. स्लीव्हमध्ये हे तुलनेने कमी घडते. दोन्ही गटांत गोड टाळण्याचे दिवस सारखे दिसले, तरी एकाचे कारण शरीराचा धाक आणि दुसऱ्याचे कारण स्वतःचा निग्रह किंवा घरचे नियोजन असू शकते. म्हणून शस्त्रक्रियेचा प्रकार आणि डम्पिंगचा अनुभव या दोन्ही नोंदी प्रत्येक अर्जावर असाव्यात आणि दोन्ही गटांची गोळाबेरीज एकत्र करू नये.

प्रश्न लिहिणे आणि तपासणे

प्रत्येक मदतीबद्दल तीन गोष्टी विचाराव्यात: ती मिळाली का, मिळाल्यावर वापरली का, आणि वापरली त्या दिवशी संबंधित वागणूक जमली का. पथकाने आहाराचे मोबाइल अॅप दिले, रुग्णाने ते उघडलेच नाही, आणि अर्जात मात्र ‘अॅप उपलब्ध होते’ अशी खूण झाली, तर आकडा खोटे बोलू लागतो. उत्तरासाठी ‘पूर्ण सहमत’ ते ‘पूर्ण असहमत’ अशा पायऱ्यांपेक्षा दिवसांची संख्या बरी; ‘गेल्या सात दिवसांत किती दिवस घरातील दुसऱ्या कुणी तुमच्यासाठी प्रथिनांचा पदार्थ आधीच तयार ठेवला होता?’ याचे उत्तर शून्य ते सात असे सहज देता येते. एका प्रश्नात एकच गोष्ट असावी. ‘डॉक्टर आणि घरचे तुम्हाला समजून घेतात का?’ या प्रश्नाला प्रामाणिक उत्तर देणे अशक्य आहे. ‘लागू नाही’ हा पर्याय प्रत्येक ठिकाणी हवा, नाहीतर एकटी राहणारी व्यक्ती कुटुंबाच्या प्रश्नावर शून्य लिहील आणि तिला पाठिंबा मिळाला नाही असे गणले जाईल.

मसुदा झाल्यावर तो सहा किंवा अधिक तज्ज्ञांना दाखवून प्रत्येक प्रश्नाची समर्पकता चार पायऱ्यांवर ठरवून घ्यावी. वरच्या दोन पायऱ्यांवर मत देणाऱ्यांचे प्रमाण ०.७८ पेक्षा कमी असेल तर तो प्रश्न बदलावा किंवा काढावा, हा संशोधक लिन यांनी १९८६ मध्ये दिलेला दंडक आजही वापरात आहे. सहा तज्ज्ञ असतील तर याचा अर्थ किमान पाच जणांची संमती. यानंतर आठ-दहा रुग्णांना प्रश्न वाचून त्यांच्या मनात काय येते ते मोठ्याने बोलायला सांगावे. माझ्या मते तज्ज्ञांच्या गुणांकनापेक्षा ही पायरी अधिक मोलाची आहे, कारण प्रश्न कुठे अडखळवतो हे तिथेच कळते. इंग्रजीतून घेतलेली प्रश्नावली असेल तर मराठी रूप तयार केल्यावर ते मूळ न पाहिलेल्या व्यक्तीकडून पुन्हा इंग्रजीत करून घ्यावे आणि दोन्ही ताडून पाहावीत.

विश्वसनीयतेच्या बाबतीत दोन खाचखळगे आहेत. पुनर्तपासणीसाठी, म्हणजे त्याच रुग्णाला तेच प्रश्न पुन्हा विचारून उत्तरे जुळतात का ते पाहण्यासाठी, सर्वसाधारणपणे दोन आठवड्यांचे अंतर ठेवतात, पण शस्त्रक्रियेनंतरच्या पहिल्या दोन महिन्यांत रुग्ण पातळ द्रवावरून घट्ट द्रवावर, मग गाळीव आणि मऊ अन्नावर सरकत असतो. दोन आठवड्यांत त्याचे जेवणच बदललेले असते, म्हणून उत्तर बदलले तर दोष प्रश्नाचा की आहाराच्या टप्प्याचा हे सांगता येत नाही. पुनर्तपासणी वर्षभर उलटलेल्या रुग्णांवर करावी. दुसरा खाचखळगा क्रोनबाख अल्फाचा. प्रश्नांची उत्तरे एकमेकांशी किती जुळतात हे सांगणारा हा निर्देशांक एकाच गोष्टीकडे बोट दाखवणाऱ्या प्रश्नांसाठी आहे. सासूबाईंनी वाटी वेगळी काढणे, मोबाइलचा गजर आणि आहारतज्ज्ञाचा फोन या मदती एकमेकींशी संबंधित असायलाच हव्यात असे काही नाही. एक असते तेव्हा दुसरी नसूही शकते. अशा यादीचा अल्फा कमी आला म्हणून चांगले प्रश्न काढून टाकणे म्हणजे मोजायला आलो तेच फेकून देणे. अल्फा काढायचाच असेल तर तो आत्मविश्वासासारख्या एकसंध गटापुरता काढावा.

कोणी विचारायचे, आणि कोणाला

ज्यांनी पथ्य सांगितले त्यांनीच ते पाळले का असे विचारले, तर रुग्ण त्यांचे मन राखतो. प्रथिने वाढवून आणि गोड कमी करून सांगितले जाते, आणि त्यात लबाडी नसते, संकोच असतो. शक्यतो उपचारात सहभागी नसलेल्या व्यक्तीने विचारावे, नाव वेगळ्या कागदावर आणि उत्तरे सांकेतिक क्रमांकाखाली ठेवावीत, आणि प्रश्नापूर्वी ‘बऱ्याच जणांना रोज हे जमत नाही’ असे एक वाक्य असावे. वजनाबद्दल वर्षानुवर्षे बोलणी खाल्लेल्या माणसाला पुन्हा परीक्षेला बसवल्यासारखे वाटू नये, ही काळजी सभ्यतेची तर आहेच, पण तिच्यामुळे उत्तरेही खरी मिळतात.

ओपीडीत येणाऱ्यांनाच विचारणे ही या क्षेत्रातील सर्वांत मोठी पोकळी आहे. पथ्य सुटलेले आणि वजन परत वाढू लागलेले रुग्ण शरमेने यायचे थांबतात, आणि मग जे येतात त्यांच्या उत्तरांवरून सर्वांचे चित्र काढले जाते. न आलेल्या प्रत्येकाला फोन करावा, फोनवर विचारण्यासाठी पाच-सहा प्रश्नांची छोटी प्रश्नावली आधीच तयार ठेवावी, आणि अहवालात किती जणांशी संपर्क झाला नाही ते स्पष्ट लिहावे. संस्थेच्या नैतिकता समितीची मान्यता आणि लेखी संमती याआधी घ्यावी. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वे येथे लागू पडतात. एक नियम मात्र संशोधनाच्याही वरचा आहे: उत्तरांत वारंवार उलट्या होत असल्याचे आढळले तर अर्ज बाजूला ठेवून त्याच दिवशी डॉक्टरांना कळवावे, कारण अशा रुग्णात थायमिन (ब-१ जीवनसत्त्व) कमी पडून मेंदूला कायमची इजा होऊ शकते.

आकडे वाचताना

मदत आणि पथ्य एकाच दिवशी विचारले तर कोणामुळे कोण, हे कळत नाही. पहिल्या, तिसऱ्या, सहाव्या, बाराव्या आणि चोविसाव्या महिन्याच्या भेटींत दोन्हींची नोंद घ्यावी आणि आधीच्या भेटीतील मदत पुढच्या भेटीतील वागणुकीशी ताडून पाहावी. तरीही एक फसवणूक उरते. ज्यांचे पथ्य ढासळते त्यांनाच आहारतज्ज्ञ अधिक फोन करतात. परिणामी जास्त फोन म्हणजे वाईट पथ्य असे आकड्यांत दिसते आणि फोन निरुपयोगी ठरवून बंद केला जातो. म्हणून मदत का दिली गेली, सर्वांना ठरल्याप्रमाणे की अडचण दिसल्यामुळे, याचा रकाना सुरुवातीपासून ठेवावा.

चाळीस रुग्ण आणि तीस मदती घेऊन प्रत्येकीचा संबंध तपासला तर एखाद-दोन संबंध निव्वळ योगायोगानेच संख्याशास्त्राच्या कसोटीवर ‘लक्षणीय’ निघतील. नमुना लहान असेल तर तीन-चार मदती आधीच लिहून ठेवाव्यात आणि तेवढ्याच तपासाव्यात. निम्म्या रुग्णांना एखादी मदत मिळते असा अंदाज दहा टक्क्यांच्या आगेमागे आणि ९५ टक्के खात्रीने मांडायचा झाला तरी सुमारे ९६ रुग्ण लागतात. एका केंद्रात तेवढे जमत नसतील तर दोन-तीन केंद्रांनी एकच अर्ज वापरावा.

ज्या मदतीचा संबंध या सगळ्यातून टिकून राहतो, ती मुद्दाम देऊन पाहावी. उदाहरणार्थ, स्वयंपाक करणाऱ्या व्यक्तीला तिसऱ्या महिन्यात एक तास वेगळे बोलावून वाटीचे माप आणि उपासाच्या दिवसांचे पदार्थ दाखवणे. चिठ्ठ्या टाकून निम्म्या घरांना हे लगेच द्यावे आणि उरलेल्यांना सहा महिन्यांनी, म्हणजे कोणीही कायमचे वंचित राहत नाही आणि तुलनाही होते. मात्र अशा प्रयोगाची नोंदणी भारतीय क्लिनिकल चाचणी नोंदवहीत पहिला रुग्ण घेण्यापूर्वी झाली पाहिजे. निकाल लिहिताना ‘पथ्य सुधारले’ असे एकत्र विधान न करता कोणती वागणूक, कोणत्या महिन्यात, कोणत्या शस्त्रक्रियेनंतर आणि आठवड्यातील किती दिवसांनी बदलली ते लिहावे. प्रथिनांचे दिवस वाढले आणि गोळ्यांचे वाढले नाहीत, असे निघाले तर तेही तसेच छापावे. गोळ्यांसाठी कोणती मदत शोधायची याची पुढची मुलाखत त्यातूनच ठरते.